फोरमन ऐकायला शिकला

सातपूरच्या एमआयडीसीत विजेच्या स्विचसाठी पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस शॉपचा फोरमन म्हणजे जयराम पगारे. माणूस अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की कंपनीचा भोंगा बिघडला तरी काम अडलं नसतं. प्रेसच्या धडधडाटात शॉपच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर ओरडावंच लागतं. जयराम वर्षानुवर्षं ओरडत आला आणि मग त्याला दुसऱ्या पट्टीत बोलता येईनासं झालं. घरी मीठ मागायचं तरी शेजारच्या खोलीतली माणसं दचकायची.

कामात मात्र पक्का होता. तरुणपणी दिंडोरीकडच्या गावातून नाशिकला आला, भद्रकालीतल्या एका वर्कशॉपमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकला. उस्ताद चूक झाली की तोंडाने सांगत नसे, हातातला पाना भिरकावत असे. जयरामच्या भुवईवर त्याची खूण होती. सातपूरला कारखाने आले तसा तो इकडे लागला आणि हळूहळू फोरमन झाला. त्याने कधी कुणावर पाना उचलला नाही, याचा त्याला अभिमान होता. आपण फक्त तोंडाने बोलतो, त्याला काय एवढं, असं त्याला वाटे.

त्र्याऐंशी साली दिवाळीनंतर कंपनीत एक नवीनच टूम निघाली. क्वालिटी सर्कल. प्रत्येक खात्यातल्या माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं, कामातल्या अडचणी काढायच्या आणि त्यावर आपल्याच डोक्याने उपाय शोधायचे. त्याआधी सगळ्यांना एकमेकांशी नीट बोलायचं शिक्षण द्यायचं ठरलं. ते काम पर्सोनेल खात्यातल्या श्यामला गोगटे यांच्याकडे आलं. वय सव्वीस, पुण्यात शिकलेल्या, लुनावरून कंपनीत यायच्या. मुंबईला एक कोर्स करून आल्या होत्या आणि त्या कोर्सची घडी अजून मोडली नव्हती.

दर गुरुवारी शिफ्ट संपली की कॅन्टीनची टेबलं बाजूला सारायची आणि खुर्च्या गोल मांडायच्या. पहिल्या गुरुवारी जयराम हाताची घडी घालून बसला. मॅडम म्हणाल्या, "दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलणाऱ्याचं संपलं की ऐकणाऱ्याने आपण काय ऐकलं ते सांगायचं आणि विचारायचं, बरोबर का? मग पाळी बदलायची."

जयरामच्या वाट्याला भिकन आला. भिकन त्याच्याच शॉपमधला ऑपरेटर, तिशीचा, खट्याळ, नकला करण्यात पटाईत. तो म्हणाला, "तीन नंबरच्या प्रेसजवळ उजेड कमी पडतो..."

"कमी कुठाय? टूब बदलली ना परवा!" जयराम म्हणाला.

आजूबाजूचे हसले. पुन्हा सुरुवात झाली. या वेळी भिकनने दोन वाक्यं पुरी केली आणि जयराम म्हणाला, "हे बघ, त्याला असं करायचं..." पुन्हा हशा. तिसऱ्या खेपेला तो गप्प बसला खरा, पण भिकन काय बोलला ते सांगायची वेळ आली तेव्हा त्याला एक शब्द आठवेना. गप्प बसण्यातच त्याची सगळी शक्ती खर्ची पडली होती.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी सोंगं घ्यायला लावली. साहेबाने कामगार व्हायचं, कामगाराने साहेब. भिकनला फोरमन केलं. आणि जयरामला म्हणाल्या, "पगारे, तुम्ही ऑपरेटर. घरी मूल आजारी आहे, तुम्हाला लवकर जायचंय. फोरमनची परवानगी मागा."

त्यांनी हा प्रसंग कोर्सच्या पुस्तकातून उचलला होता. जयरामच्याच शॉपमध्ये मागच्या पावसाळ्यात तो खराखुरा घडला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भिकनला होतं.

भिकन उठला. कमरेवर हात ठेवले, मान पुढे काढली, आणि जयरामसारखाच नाकातून श्वास सोडत फिरू लागला. माणसं पोट धरून हसली. खुद्द जयरामलाही हसू आलं. मग तो पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, पोरगं आजारी हाय. जरा लवकर जाऊ का?"

भिकनने वळूनही पाहिलं नाही. जयरामच्याच आवाजात ओरडला, "पोरगं तुझं, प्रेस कंपनीची! तोंड नको, हात चालव!"

या वेळी कुणी हसलं नाही. अर्ध्या शॉपने हे वाक्य पावसाळ्यात ऐकलेलं होतं. मॅडमना काही कळेना. त्या म्हणाल्या, "बोला पगारे, पुन्हा विनंती करून बघा."

जयराम उभाच होता. "उस्ताद," तो म्हणाला, "पोरगीला लय ताप हाय. गावाकडून निरोप आलाय."

उस्ताद हा शब्द कुठून आला ते कुणालाच समजलं नाही. चोवीस वर्षांपूर्वीच्या भद्रकालीतल्या त्या वर्कशॉपात तो जाऊन उभा राहिला होता, आणि तिथून परत कसं यायचं ते त्याला सुचत नव्हतं. त्याने खुर्चीवरची टोपी उचलली आणि कॅन्टीनच्या बाहेर पडला.

सायकल स्टँडवर भिकन धावत मागे आला. "चुकलं माझं, साहेब. मी मस्करीत बोलून गेलो."

जयराम सायकलचं कुलूप काढत होता. किल्ली लागत नव्हती. "पोरगं कसंय आता?" त्याने विचारलं. भिकनच्या ध्यानात यायला क्षणभर लागला.

"बरं आहे की. शाळेत जातंय. बारीक झालं होतं, आता भरलंय."

"असू दे," जयराम म्हणाला. "असू दे."

दुसऱ्या दिवशी तो पर्सोनेलच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, माझं नाव काढा त्या वर्गातून. मला जमायचं नाय हे. माझे कान गेलेत प्रेसच्या आवाजात."

श्यामला मॅडमनी आदल्या दिवशीची हकीकत एव्हाना ऐकली होती. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "तुम्ही बसा तरी," त्या म्हणाल्या. "मला माहीत असतं तर मी तो प्रसंग दिलाच नसता. खरं सांगू का, मला तरी कुठे जमतं? माझ्या वडिलांशी बोलायला लागले की दुसऱ्या मिनिटाला भांडण. शिकवायला लागले म्हणून सराव तरी होतो." मग म्हणाल्या, "इथे सगळ्यांसमोर अवघड जात असेल तर घरी करून बघा ना. घरी कोण असतं?"

"बायको."

"मग त्यांनाच बोलू द्या."

जयराम परतला. पण डोक्यात एक गोष्ट राहिली. तो कामगार माणूस होता. जमत नाही तेच काम हातात घेऊन घासत बसायचं, हा त्याचा स्वभाव होता. लेथवर स्क्रूचे पहिले आटे कापायला शिकला तेव्हाही त्याने असंच किती लोखंड वाया घालवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याची बायको मालनबाई दारात गहू निवडत बसल्या होत्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात शिलाई मशीन. मुलगा यादव एकलहऱ्याला वीज केंद्रात लागला होता आणि तिकडेच खोली घेऊन राहत होता. जाण्यायेण्याला लांब पडतं, असं तो सांगे. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं.

जयराम पाट घेऊन त्यांच्यासमोर बसला. "मालन, बोल."

"काय बोलू?"

"काय पण बोल. मी ऐकणार."

मालनबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बरं नाय का तुम्हाला?"

"अगं, कंपनीचं शिक्षण हाय. तू बोलायचं, मी मधी बोलायचं नाय."

"कंपनीला माझ्या बोलण्याशी काय करायचंय?" असं म्हणून त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. पहिल्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या खेपेला त्या नळाबद्दल बोलल्या. पाणी पहाटे येतं, धार करंगळीएवढी, वरच्या मजल्यावरची बाई हंडे लावून ठेवते. जयरामच्या जिभेवर "मग तू आधी लाव ना हंडे" हे वाक्य येऊन बसलं. ते त्याने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. मग म्हणाला, "तू म्हणालीस, पाणी कमी येतं आणि वरची बाई आधी नंबर लावते. बरोबर का?"

मालनबाई हसल्या. पदर तोंडाला लावून खूप वेळ हसल्या. "बरोबर," त्या म्हणाल्या. "पण एक राहिलं. मला गुडघ्यामुळं पहाटे लवकर उठवत नाय, ते मी म्हणले होते."

तिचा गुडघा दुखतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग तो नेमच पडून गेला. जेवणं झाली, भांडी आवरली की दोघं दारात बसायची. मालनबाई बोलायला लागल्या. आधी शेजारणींचं, मग शिलाईच्या गिऱ्हाइकांचं, मग यादवचं. "यादव आला की तुम्ही दारातच त्याची उलटतपासणी घेता. पोरगं पायातला बूट काढायच्या आत परत जायचा विचार करतं." हे ऐकताना जयरामची मूठ आवळली गेली होती. तरी त्याने ते जसंच्या तसं बोलून दाखवलं. परत सांगताना शब्द आपल्याच तोंडातून येतात आणि मग त्यांच्याशी भांडता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

एके दिवशी संध्याकाळी मालनबाई बराच वेळ गप्प होत्या. जयरामही गप्प राहिला. आताशा त्याला तेवढं जमत होतं.

"एक बोलू?" त्या म्हणाल्या. "रागवायचं नाय."

त्याने मान हलवली.

"मला रमाचा चेहरा आठवत नाय आता."

रमा त्यांची पहिली मुलगी. तीन वर्षांची होऊन गोवराने गेली. मालनबाई तेव्हा गावी सासरी होत्या, जयराम नाशकात. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. उंबऱ्यात बसून तो एवढंच म्हणाला होता, "आता हिचं नाव घरात काढायचं नाय." आणि मालनबाईंनी ते काढलं नव्हतं. वर्षं गेली, यादव झाला, मोठा झाला, त्यालाही आपल्याला बहीण होती हे कुणी सांगितलं नाही.

"फोटो काय काढला नव्हता आपण," मालनबाई सांगत होत्या. "तिचे हात आठवतात. बोटं लांब होती, तुमच्यासारखी. केसात कायम माती. पण चेहरा आठवायला जाते तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरीचा येतो. तुम्ही म्हणाला नाव काढू नको, मी नाय काढलं. पण नाव नाय घेतलं म्हणून चेहरा पण गेला. आणि तुम्हाला निरोप धाडला होता, तीनदा धाडला. तुम्ही आला नाय. मी म्हणलं, पोरगी होती, पोरगा असता तर आले असते. एवढंच."

त्या थांबल्या. दारासमोरून दुसऱ्या शिफ्टची माणसं सायकलींवरून चालली होती. जयरामला वाटलं, उठावं आणि त्या गर्दीत मिसळून कुठेतरी निघून जावं. पण त्याची पाळी होती. ऐकलेलं परत सांगायचं होतं.

"तू म्हणालीस..." त्याने सुरुवात केली. इतक्या हळू आवाजात बोलताना त्याला मालनबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. "तू म्हणालीस, तुला रमाचा चेहरा आठवत नाय. रमाचे हात माझ्यासारखे होते." नाव उच्चारताना दोन्ही वेळा तो अडखळला. "आणि तू निरोप धाडले, मी आलो नाय. पोरगी म्हणून आलो नाय. असं तुला वाटलं. बरोबर का?"

"बरोबर," मालनबाई म्हणाल्या.

"आता मी बोलू?"

"बोला."

"मी विचारलं होतं उस्तादाला. तीनदा निरोप आला, तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा हात जोडले. तो म्हणाला, जायचं तर जा, परत येऊ नको. मी नाय गेलो. काम सुटलं तर तुम्हाला काय खायला घालू, असं वाटलं. चार दिवसांनी त्यानेच सोडलं, तेव्हा आलो." त्याने डोळे पुसले नाहीत. "तुला हे सांगायची लाज वाटली. हात जोडले आणि तरी गेलो नाय. असला कसला बाप. म्हणून म्हणलं, नावच नको."

नियमाप्रमाणे मालनबाईंनी ते परत सांगायला सुरुवात केली. "तुम्ही म्हणता, तुम्ही विचारलं होतं..." आणि पुढे त्यांना बोलता आलं नाही. त्यांनी त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि लांब बोटं एकेक करून चाचपत राहिल्या. शेजारीण काहीतरी मागायला आली होती, ती दारातूनच मागे फिरली.

पौष महिन्यात दोघं एसटीने गावी गेली. कादवा नदीच्या काठी जिथे लहान मुलांना पुरायचे तिथे आता कुणाचीतरी द्राक्षबाग उभी होती. जागा ओळखू येईना. मालनबाई म्हणत, इथे बाभळ होती. जयराम म्हणे, मी तर पाहिलंच नव्हतं. बागेत फवारणी करणाऱ्या गड्याने विचारलं, "कोण पाव्हणं? कुणाला धुंडता?" जयराम म्हणाला, "आमची मुलगी इथं हाय, रमा नावाची." गड्याने पंप खाली ठेवला आणि वेलींच्या ओळीत त्यांना बसायला गोणपाट आणून दिलं. फवारलेल्या मोरचुदाने निळसर झालेल्या पानांखाली दोघं बसली. मालनबाईंनी मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं. परतीच्या एसटीत त्या सबंध वाट बोलत होत्या, आणि जयराम मध्ये एकदाही बोलला नाही.

कंपनीत तो पुन्हा गुरुवारच्या वर्गाला जाऊ लागला. एका दिवसात माणूस बदलला असं काही झालं नाही. आवाज तोच राहिला. प्रेस चालू असताना दुसरा चाललाही नसता. पण सर्कलच्या बैठकीत तो खुर्ची थोडी मागे घेऊन बसायचा आणि समोरच्याचं संपेस्तोवर थांबायचा.

तेव्हा रंगाच्या खात्यात एक जुनं दुखणं होतं. डब्यांची रंगवलेली झाकणं वाळायला आकड्यांना टांगायची, ती वाऱ्याने गिरक्या घ्यायची, एकमेकांना घासायची, आणि ओला रंग निघायचा. रंग आणि प्रेस अशा दोन्ही खात्यांची एकत्र बैठक बसली. मॅडमचा नियम होता, सगळ्या कल्पना फळ्यावर येईपर्यंत कुणीही 'जमणार नाही' म्हणायचं नाही, कितीही वेडगळ वाटली तरी. एकजण म्हणाला, पंखे बंद करा. एकजण म्हणाला, झाकणं लांब लांब टांगा. भिकन म्हणाला, झाकणांना दम द्या. रंग खात्यातल्या कलाबाई चाचरत म्हणाल्या, "पाळणा कसा, दोन दोऱ्यांवर असतो. म्हणून नुसता झुलतो, फिरत नाही. तसं काही..." आणि लोक हसायला लागले तशा गप्प झाल्या.

जयरामच्या तोंडाशी आलं होतं: एका भोकाचं झाकण, दोन ठिकाणी कसं टांगणार? पण तो म्हणाला, "कलाबाई, पुरं करा. पाळण्याचं काय म्हणत होता?"

त्यांनी पुरं केलं. दुहेरी आकडा पहिल्यांदा फसला, वाकडा झाला. दुसरा झाकणावर ओरखडे पाडू लागला. मग प्रेस शॉपने झाकणाला दुसरं भोक मारायची डाय, म्हणजे साचा, करून दिली, त्यासाठी ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांना राजी करण्यात महिना गेला, आणि शेवटी ते काम बसलं. वार्षिक कार्यक्रमात सर्कलला बक्षीस म्हणून स्टीलचे डबे मिळाले. व्यासपीठावर बोलायला मॅडमनी जयरामचं नाव घेतलं. त्याने माइक कलाबाईंच्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. कलाबाई घाबरल्या, दोन वाक्यं बोलल्या, आणि टाळ्या पडल्या तेव्हा सगळ्यात मोठा आवाज जयरामच्या टाळ्यांचा होता.

श्यामला मॅडम पुढे लग्न होऊन पुण्याला गेल्या. जायच्या आधी त्यांनी नव्या सुपरवायझरांच्या वर्गात जयरामला बरोबर घेतलं. तो शिकवत असा काही नसे. जोड्यांमध्ये फिरायचा आणि कुणी मध्येच तोंड घातलं की त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवायचा.

अठ्ठ्याऐंशी साली यादवला एकलहऱ्याला बढती मिळाली. त्याच्या हाताखाली शिफ्टची माणसं आली. एका रविवारी तो घरी आला, बूट काढले आणि आत येऊन बसला. आई आत भाकरी टाकत होती.

"दादा," तो वडिलांना म्हणाला, "माणसं ऐकत नाहीत माझं. वयाने मोठी आहेत. मी सांगतो ते तोंडावर हो म्हणतात आणि मागे हसतात. मी काल एकावर फार ओरडलो. नंतर घरी जाऊन झोपच आली नाही."

जयरामला खूप काही सांगता आलं असतं. त्याने पाट यादवच्या समोर ओढला आणि त्यावर बसला.

"काय झालं होतं?" तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

यादव सांगू लागला. आतून मालनबाईंनी दोन वेळा डोकावून पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी उलटवून फरफरणारा स्टोव्ह बारीक केला.